भाषाविज्ञानातील पीएच.डी. : विद्यापीठाची निवड करताना

सनदी लेखापाल, अभियंता, डॉक्टर, व्यवस्थापनाची पदवी या वाटा आता आपल्या घरांच्या अंगवळणी पडल्या आहेत. संस्थेचे नाव केवढे, प्रवेशपरीक्षा कोणती, शुल्क किती आणि शिक्षण संपल्यावर पगार किती, एवढी चौकशी झाली की वडीलधाऱ्यांचे समाधान होते. परंतु एखादी मुलगी एम.ए. करून घरी येते आणि ‘मला भाषाविज्ञानात पीएच.डी. करावयाची आहे’ असे सांगते, तेव्हा चौकशीची ही नेहमीची साधने अपुरी पडतात. मग कोणीतरी विद्यापीठांची क्रमवारी काढून पाहतो, परदेशातील नातेवाइकांना दूरध्वनी जातो आणि यादीत सर्वांत वर असलेल्या नावावर बोट ठेवले जाते. पदवीच्या शिक्षणासाठी हा मार्ग फारसा वाईट नाही. पीएच.डी.साठी मात्र तो धोक्याचा आहे, आणि येथे पणाला लागतात ती तरुणपणातील चार-पाच, कधी सहा वर्षे. पैसा पुन्हा मिळवता येतो हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. गेलेली वर्षे मात्र कोणत्याही वहीत पुन्हा जमेस धरता येत नाहीत.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भाषाविज्ञान शिकणे म्हणजे पुष्कळ भाषा बोलावयास शिकणे नव्हे. दहा भाषा बोलणारा मनुष्य दुभाषी होईल, परंतु तेवढ्याने तो भाषावैज्ञानिक होत नाही. भाषा कशी घडते, ध्वनी कसे बदलतात, लहान मूल वाक्यरचना कशी आत्मसात करते, दोन भाषा शेजारी नांदल्या की एकमेकींना काय देतात, हे प्रश्न या शास्त्राचे आहेत. हे प्रश्न बाजारपेठेला परके नाहीत. जुन्या मराठी व्यापाऱ्यांची ‘नंदभाषा’ आठवावी. गिऱ्हाइकासमोर आकडे बोलावेत आणि त्याला ते कळू नयेत, यासाठी अंकांची नावेच बदलून घेतलेली ती सांकेतिक बोली. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीतही अनेक घरांतील आजोबांनी स्वतः पाहिलेली असते. संकेत कसा ठरतो, तो कोणाला कळतो आणि कोणापासून लपतो, हा भाषाविज्ञानाचाच विषय आहे.

याहून जुने उदाहरण हवे असेल तर ‘कुवलयमाला’ या ग्रंथाकडे पाहावे. उद्योतनसूरींनी शके ७०० मध्ये, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, जालोर येथे ही प्राकृत कथा पूर्ण केली. तीत एका बाजारपेठेचे वर्णन आहे. निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे जमले आहेत, आणि कोण कसा दिसतो, कसा वागतो व त्याच्या तोंडी कोणते शब्द वारंवार येतात याची नोंद ग्रंथकर्त्याने करून ठेवली आहे. त्या गर्दीत मरहट्ट व्यापारीही आहे. मराठी बोलणाऱ्यांच्या लकबीची ही अतिशय जुनी नोंद, आणि ती एका बाजारातली! हा ग्रंथ संपादून १९५९ साली प्रकाशात आणला तो डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. सदलग्यात जन्मलेले उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत होते. जगभरच्या प्राकृत अभ्यासकांनी ज्यांचे काम आदराने वाचले, त्यांच्या कामाचे गाव कोल्हापूर होते. विद्यापीठाच्या नावाचा विचार करताना एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

तर मग निवड कशाची करावयाची? आमच्या मते प्रथम प्रश्नाची, त्यानंतर मार्गदर्शकाची, आणि विद्यापीठाची सर्वांत शेवटी. पेढीशी नवा व्यवहार सुरू करताना अनुभवी माणूस पाटी वाचून थांबत नाही. गादीवर कोण बसतो, त्याचा शब्द कसा आहे, माल वेळेवर सुटतो का, हे तो विचारतो. येथेही तीच रीत लागू पडते. अडचण एवढीच की, या शास्त्राच्या शाखा इतक्या वेगळ्या आहेत की एका शाखेतील उत्कृष्ट विभाग दुसऱ्या शाखेच्या विद्यार्थ्याला निरुपयोगी ठरू शकतो. वाक्यरचनेच्या सैद्धांतिक अभ्यासासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचा विभाग, म्हणजे एम.आय.टी., जगात नावाजलेला आहे. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांच्यामुळे तेथे १९६१ पासून भाषाविज्ञानातील पीएच.डी.चे शिक्षण सुरू झाले. अर्थविज्ञानासाठी अ‍ॅमहर्स्ट येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे नाव घेतात. अस्तंगत होत चाललेल्या भाषांची नोंद करावयाची असेल तर हवाई विद्यापीठ, आणि भारत-युरोपीय भाषांच्या तौलनिक इतिहासासाठी नेदरलँड्समधील लायडन. मनुष्याचे मन भाषा कशी हाताळते हा प्रश्न असेल तर त्याच देशातील नायमेखन येथील माक्स प्लांक संस्था. आता ज्या मुलीला खानदेशातील अहिराणीचे ध्वनी तपासावयाचे आहेत, तिने क्रमवारीतील पहिले नाव पाहून वाक्यरचनेच्या सिद्धान्तासाठी प्रसिद्ध असलेल्या विभागाचा हट्ट धरणे म्हणजे किराणा घेण्यासाठी सराफाच्या दुकानात शिरण्यासारखे होय.

प्रश्नावरून जागा कशी ठरते याचे एक उत्तम उदाहरण आपल्या अगदी उंबरठ्यावर आहे. सांगलीजवळचे कुपवाड पुष्कळ वाचकांना औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असेल. भाषाविज्ञानाच्या जगात मात्र हे गाव गेली पन्नासहून अधिक वर्षे प्रसिद्ध आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९७१ मध्ये या गावावर एक लेख प्रसिद्ध केला. त्या वेळी सुमारे तीन हजार वस्तीच्या या गावात जैन आणि लिंगायत कुटुंबे घरात कन्नड बोलत, मुसलमान कुटुंबे उर्दू बोलत, काही घरांत मराठी होती आणि थोड्या घरांत तेलुगू. गावचा व्यवहार एकमेकांच्या भाषा जाणूनच चाले. पुरुष मंडळी सहज दोन-तीन भाषा बोलत, परंतु घरची भाषा कोणी सोडत नसे. अभ्यासकांना आढळले ते असे की, शतकानुशतकांच्या या शेजारामुळे येथील कन्नड, मराठी आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेतील वाक्याच्या प्रत्येक शब्दाजागी दुसऱ्या भाषेतील शब्द ठेवला की वाक्य तयार होई. शब्द निराळे, पण त्यांची मांडणी एकच. भाषांच्या संपर्काचा अभ्यास करणारा विद्यार्थी जर्मनीत असो वा अमेरिकेत, त्याला हे गाव पाठ्यपुस्तकात भेटतेच.

आपल्यापैकी ज्या कुटुंबांत आजही आजी स्वयंपाकघरात कन्नडमध्ये बोलते आणि नातू दुकानात मराठीत, त्यांनी या गोष्टीचा क्षणभर विचार करावा. जे आपल्याला रोजचे म्हणून क्षुल्लक वाटते, त्यासाठी कॅलिफोर्नियाहून माणसे आली.

पण येथे मुद्दा अभिमानाचा नाही, निवडीचा आहे. सुमारे चार दशकांनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील प्राध्यापिका सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला आणि गंपर्झ-विल्सन यांचे प्रतिपादन नव्याने पारखून पाहिले. भाषावार प्रांतरचना तर पहिल्या लेखापूर्वीच झाली होती, आणि मध्यंतरी गाव महापालिकेत गेले होते. समजा, एखाद्या विद्यार्थिनीला याच वाटेने जावयाचे आहे. निपाणी, चिकोडी, जयसिंगपूर, इचलकरंजी या पट्ट्यातील घरांत कन्नड किती उरली, कोणाच्या तोंडी उरली आणि तिचे रूप काय झाले, हा तिचा प्रश्न आहे. तिच्यासाठी सर्वोत्तम जागा कोणती? भाषांच्या संपर्काचे सिद्धान्त शिकविणारे उत्तम शिक्षक परदेशात आहेत, परंतु साधनसामग्री सीमाभागात आहे, ती समजणारे मार्गदर्शक पुण्यात, म्हैसूरला किंवा हैदराबादला भेटू शकतात, आणि वारंवार क्षेत्रात जाण्याचा खर्च पुण्याहून एका बसभाड्याइतका आहे. अशा वेळी पुणे हे नाइलाजाने घेतलेले दुय्यम स्थान ठरत नाही. उलट दुसऱ्या मुलीला मराठीतील ‘ने’ प्रत्ययाचे वर्तन जगातील इतर भाषांशी ताडून एक सिद्धान्त मांडावयाचा असेल, तर सिद्धान्ताची परंपरा जेथे जिवंत आहे तेथे जाणे तिच्या हिताचे. मराठी ती आपल्या डोक्यात घेऊनच जाणार आहे. अशोक केळकर १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन आले, आणि त्यांचा प्रबंध मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व पदरचनेवरच होता. पुढे त्यांनी डेक्कन कॉलेजात आयुष्य वेचले.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी डेक्कन कॉलेजविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण पुष्कळांना ते केवळ पुरातत्त्वासाठी ठाऊक असते. संस्थेचा आरंभ १८२१ चा आणि पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून तिचा पुनर्जन्म १९३९ चा. भाषावैज्ञानिक सु. मं. कत्रे यांच्या काळात तिची या शास्त्रातील कीर्ती वाढली. ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या संस्कृत महाकोशाचे काम येथे १९४८ पासून चालू आहे. १९२८ साली लाहोर येथे स्थापन झालेल्या भारतीय भाषाविज्ञान परिषदेचे कार्यालय येथेच आहे. अ. मा. घाटगे यांनी मराठी व कोंकणी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६० च्या दशकात काढले, आणि अलीकडे राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण येथूनच झाले. बोली, कोश आणि ऐतिहासिक भाषाविज्ञान यांकडे ओढा असलेल्या विद्यार्थ्याने हे ठिकाण पाहिल्याशिवाय अन्यत्र अर्ज करू नये, असे आमचे मत आहे.

इतर संस्थांविषयी थोडक्यात. हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ वाक्यरचना आणि ध्वनिव्यवस्थेच्या सैद्धांतिक अभ्यासासाठी ओळखले जाते. त्याच शहरातील हैदराबाद विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञान व अनुवाद यांचे केंद्र आहे. दिल्लीत दिल्ली विद्यापीठ आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, मुंबईत कालिना येथे मुंबई विद्यापीठाचा विभाग. मुंबई आणि दिल्ली येथील आय.आय.टी.मध्ये मानव्यविद्या विभागांतर्गत या विषयात पीएच.डी. होते, हे अनेक पालकांना माहीत नसते. संगणकाला भाषा शिकविण्याच्या शाखेकडे कल असेल तर हैदराबादची आय.आय.आय.टी. पाहावी. तेथे व्याकरणाइतकेच गणित आणि संगणकलेखन लागते, याची जाणीव मात्र आधीच असावी.

प्राकृताचा मार्ग वेगळा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ज्या भाषांना अभिजात दर्जा दिला त्यांत मराठी आणि प्राकृत या दोन्ही होत्या, त्यामुळे या विषयाकडे तरुणांचे लक्ष पुन्हा जाऊ लागले आहे. हेर्मान याकोबी यांनी १८८६ साली महाराष्ट्री प्राकृतातील निवडक कथा जर्मनीत प्रसिद्ध केल्या, रिखार्ड पिशेल यांचे प्राकृत व्याकरण १९०० साली आले, आणि तेव्हापासून जर्मन विद्यापीठांचे नाव आपल्या समाजात आदराने घेतले जाते. परंतु आदर जुन्या नावांचा असतो आणि प्रवेश आजच्या विभागात घ्यावयाचा असतो. युरोपात एका प्राध्यापकाच्या निवृत्तीबरोबर संपूर्ण अध्यासन बंद झाल्याची उदाहरणे आहेत. तेथे आज प्राकृत शिकविणारे कोण आहे, हे पाहूनच पुढे जावे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संस्कृत व प्राकृत भाषा विभाग आहे आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घाटगे यांच्या संपादनाखाली सुरू झालेले प्राकृत महाकोशाचे काम आहे. हस्तलिखितांवर काम करणाऱ्याने भांडाराच्या जवळ राहावे, हा साधा विचार पुष्कळदा विसरला जातो.

आता मार्गदर्शकाविषयी, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. प्राध्यापकाचे नाव ऐकून प्रवेश घेतला आणि ते दोन वर्षांत निवृत्त झाले, किंवा दुसऱ्या गावी गेले, किंवा त्यांच्याकडे आधीच इतके विद्यार्थी होते की सहा-सहा महिने भेट होत नसे, अशा कहाण्या विद्यापीठांच्या आवारात पुष्कळ ऐकू येतात. प्रा. अन्विता अब्बी यांच्या ग्रेट अंदमानी भाषेवरील कामाने नेहरू विद्यापीठाचे नाव जगभर गेले. त्या निवृत्त झाल्या आहेत. त्यांची पुस्तके वाचून भारावलेल्या विद्यार्थ्याने आज तेथे कोण काय शिकविते हे स्वतंत्रपणे पाहावे लागेल. नाव विभागाला चिकटून राहते, माणूस मात्र जातो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत या बाबतीत काही संरक्षण आहे. एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. याचा दुसरा अर्थ असा की, आपल्याला हव्या असलेल्या मार्गदर्शकाकडे या वर्षी जागाच नसेल. हे अर्जापूर्वी विचारावे, त्यात संकोच नको.

आणि विचारण्याआधी पाहावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधगंगा’ नावाचा प्रबंधांचा संग्रह चालविला आहे. देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध तेथे घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. ज्या प्राध्यापकांचा विचार चालू आहे त्यांच्या हाताखाली झालेले तीन-चार प्रबंध काढावेत. नोंदणी कधीची आणि पदवी कधीची, विषय एकाच साच्याचे आहेत की प्रत्येकाचा स्वतंत्र, संदर्भग्रंथ अलीकडचे आहेत की तीस वर्षांपूर्वीच थांबलेले, हे अर्ध्या दिवसात कळते. ऋणनिर्देशाचे पान तर आम्ही सर्वांत आधी वाचतो! तेथे विद्यार्थी कोणाला मनापासून धन्यवाद देतो आणि कोणाला रीतीपुरते, हे शब्दांवरून लपत नाही. पेढीच्या जुन्या वह्या चाळणाऱ्याला या कामासाठी वेगळे शिक्षण नको. त्यानंतर त्याच मार्गदर्शकाच्या सध्याच्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलावे आणि एकच प्रश्न विचारावा : प्रकरण लिहून दिल्यावर ते वाचून परत यावयास किती दिवस लागतात? उत्तर पंधरा दिवस असेल तर नाव लहान असले तरी चालेल. उत्तर देताना समोरचा हसला, तर पुढची चौकशी करण्याचे कारण उरत नाही.

खर्चाकडे वळू. परदेशांविषयी एक नियम आमच्या दृष्टीने पक्का आहे : भाषाविज्ञानाच्या पीएच.डी.साठी घरचा पैसा घालू नये. कर्ज तर मुळीच काढू नये. अमेरिकेतील चांगले विभाग निवडलेल्या विद्यार्थ्याला शुल्कमाफी देतात आणि अध्यापनसाहाय्याच्या बदल्यात पाच वर्षे निर्वाहवेतनही देतात. नेदरलँड्स, नॉर्वे अशा देशांत पीएच.डी. ही पगारी नोकरी समजली जाते, जागेची जाहिरात निघते आणि अर्ज नोकरीप्रमाणे करावा लागतो. जर्मनीतही पुष्कळ जागा अशाच असतात. ब्रिटनमध्ये मात्र परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला वीस हजार पौंडांच्या वर शुल्क पडू शकते आणि शिष्यवृत्ती थोड्यांनाच मिळते. प्रवेशाचे पत्र आले आणि त्यात निर्वाहाची तरतूद नसेल, तर त्या विभागाने आपल्या विद्यार्थ्यावर भांडवल घालण्याची तयारी दाखविलेली नाही, असा त्याचा व्यवहारी अर्थ घ्यावा. ज्या मालावर विकणाऱ्याचाच विश्वास नाही तो आपण उचलावा का? घरात पैसा आहे म्हणून असा प्रवेश घेण्याचा मोह आपल्या समाजात अधिक असतो, म्हणून हे स्पष्ट लिहावे लागते. अमेरिकेच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी. २०२५ मध्ये तेथील काही विद्यापीठांनी मानव्यविद्यांतील पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काहींनी काही विषयांचे प्रवेश एका वर्षापुरते थांबविले. अर्जाचे शुल्क प्रत्येक ठिकाणी शंभर डॉलरच्या आसपास पडते. तेव्हा विभाग यंदा विद्यार्थी घेणार आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे.

भारतात निर्वाहाचा मुख्य आधार म्हणजे ‘नेट’ परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती. १ जानेवारी २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता निराळा. भाषाविज्ञान हा या परीक्षेत स्वतंत्र विषय आहे. परीक्षा साधारणतः वर्षातून दोनदा होते, आणि २०२४ पासून तिचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. ज्यांना केवळ प्रवेशापुरती पात्रता मिळते, त्यांच्यासाठी परीक्षेचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के असा हिशेब असतो. शिष्यवृत्ती नसेल तर केंद्रीय विद्यापीठांत महिना ८,००० रुपये मिळतात. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले की, एक वर्ष थांबून परीक्षेची नीट तयारी करणे हे घाईने कुठेतरी नाव नोंदविण्यापेक्षा का शहाणपणाचे, हे वेगळे सांगावयास नको.

येथे आणखी एक गोष्ट. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाल्यानंतर मौलाना आझाद राष्ट्रीय शिष्यवृत्ती आपल्या संशोधकांनाही खुली झाली होती. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजासाठी ‘पढो परदेश’ ही योजना होती. या दोन्ही योजना २०२२-२३ पासून बंद झाल्या आहेत. अजूनही काही घरांत त्यांच्या भरवशावर बेत आखले जातात, ते आखू नयेत.

मुलींच्या बाबतीत घरोघरी जो प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तो उघड विचारणेच बरे : मध्येच लग्न ठरले तर? पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षे आणि सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणी करून दोन वर्षे वाढवून मिळतात आणि स्त्री संशोधकांना त्यापुढेही दोन वर्षांपर्यंत सवलत देता येते, मात्र एकूण काळ दहा वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. मातृत्वासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. विवाहामुळे वा अन्य कारणाने गाव बदलावे लागल्यास काही अटींवर आपले संशोधन दुसऱ्या संस्थेत नेण्याची मुभा याच २०२२ च्या नियमांनी दिली आहे. स्थळ पाहताना हे नियम दोन्ही घरांसमोर ठेवावेत. परंतु नियम कागदावर असतात, आणि संशोधन नेण्यासाठी नव्या गावी त्या विषयाचा मार्गदर्शकही लागतो. भाषाविज्ञानाचे विभाग मोजक्याच शहरांत आहेत. तेव्हा पहिली दोन वर्षे, म्हणजे अभ्यासक्रम पुरा होऊन विषय मंजूर होईपर्यंत आणि क्षेत्रातील सामग्री हाती येईपर्यंत, घराने मुलीला निर्वेध मोकळीक द्यावी असे आम्हांला कळकळीने सुचवावेसे वाटते. पुढचे लेखन सासरच्या घरातून होऊ शकते, सामग्री गोळा करणे तितके सहज होत नाही.

‘पुढे काय?’ हा वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून देऊ नये. विद्यापीठातील कायम जागा थोड्या आहेत, त्यांची भरती वर्षानुवर्षे रखडते. कोशकार्य, अनुवाद, पाठ्यपुस्तके, तसेच आवाज ओळखणारी व भाषांतर करणारी संगणकप्रणाली बनविणाऱ्या कंपन्या येथे भाषावैज्ञानिकाला काम मिळते. मराठी, कन्नड, गुजराती अशा भाषा जाणणाऱ्याला ते अधिक मिळण्याचा संभव आहे. ज्याला या कामाकडे जावयाचे आहे त्याने संगणकाचे अंग आरंभापासून सांभाळावे, आणि विद्यापीठ निवडताना त्या विभागाचा संगणकशास्त्राशी काही संबंध आहे का ते पाहावे. दुकान सांभाळून पीएच.डी. करण्याचा बेतही काही मुले आखतात. अर्धवेळ नोंदणीची सोय नियमांत आहे. नोंदणी होईल, पण क्षेत्रकार्य असलेल्या विषयात सणासुदीच्या हंगामात गल्ला सोडून गावोगाव कोण फिरणार, याचा निर्णय आधी घरात व्हावयास हवा.

राहिले वेळापत्रक. अमेरिकेतील बहुतेक अर्ज डिसेंबरमध्ये किंवा जानेवारीच्या आरंभी बंद होतात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये कळू लागतात आणि बहुसंख्य विद्यापीठे १५ एप्रिलपर्यंत होकार-नकाराची मुदत देतात. अर्जासोबत शिक्षकांची तीन शिफारसपत्रे आणि स्वतः लिहिलेला एक संशोधनपर लेख लागतो. तो लेख आठ दिवसांत तयार होत नाही. एम.ए.च्या शेवटच्या वर्षीच तो हातात असावा. भारतीय विद्यापीठांच्या जाहिराती निरनिराळ्या महिन्यांत निघतात, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते.

मार्गदर्शकाला पहिले पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, वडिलांनी किंवा काकांनी ओळख काढून नव्हे. पत्र एका पानाचे असावे : मी काय शिकले, माझा प्रश्न कोणता, आपल्या कोणत्या लेखामुळे तो मला सुचला, आणि पुढील वर्षी आपण विद्यार्थी घेणार आहात काय. तीन आठवडे उत्तर न आल्यास एकदा आठवण करावी. तरीही उत्तर न आल्यास दुसऱ्या नावाकडे वळावे. पुण्या-मुंबईतील विभाग असेल तर आधी कळवून प्रत्यक्ष जावे आणि मुलाखत झाल्यावर अर्धा तास ग्रंथालयात बसावे. संध्याकाळी पाचनंतर तेथे किती विद्यार्थी काम करीत आहेत, तेही पाहून यावे.